रांजणाखालचा दगड

मल्हारी गेल्याची बातमी मी वाचली ती तो जिथं राबला त्याच दैनिकात. तिसऱ्या पानाच्या तळाशी, हरवलेल्या म्हशीच्या जाहिरातीखाली चार ओळी होत्या. 'आमच्या छापखान्यातील एक जुने कामगार मल्हारी धर्मापुरीकर यांचे त्यांच्या गावी निधन झाले. त्यांच्या हातून एकदा गंभीर हयगय घडली असतानाही मालकांनी त्यांच्याविषयी कायम सहानुभूती बाळगली.' संपलं! म्हशीला सहा ओळी होत्या. तिच्या कपाळावरचा पांढरा ठिपका, मोडकं शिंग, सगळं होतं. आणि बारा वर्षं ज्या माणसानं हे दैनिक अक्षरशः दगडातून काढलं, त्याच्या वाट्याला काय आलं, तर हयगय. मेलेल्या माणसाला चार चांगले शब्द देता येत नसतील तर देऊ नका, पण खोटा शब्द तरी त्याच्या उशाशी ठेवू नका. दीड महिना मी वाट पाहिली, कुणीतरी दुरुस्ती छापेल म्हणून. कुणी छापली नाही. उलट जे छापलं ते वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला, ते पुढे सांगतोच. हा लेख निजामाच्या मोगलाईबाहेरच्या पत्राकडे पाठवतो आहे, कारण बीडमध्ये तो छापायची कुणाची छाती नाही.

आजच्या वाचकांना वाटेल, दैनिक दगडातून काढायचं म्हणजे काय? आमच्याकडे अक्षरांचे शिशाचे खिळे नव्हते. शिळाछापखाना होता. कातिब पिवळ्या कागदावर तेलकट शाईनं सगळा अंक हातानं लिहायचा, तो कागद ओल्या दगडावर दाबला की अक्षरं दगडावर उलटी उतरायची, आणि दगडावरून कोऱ्या कागदावर पुन्हा सुलटी. अंक निघाला की दगड वाळू-पाण्यानं घासून कोरा करायचा, पुढच्या अंकासाठी. आमचं पत्र आधी आठवड्याचं होतं, मग मालकांच्या खटपटीनं परवाना मिळून रोजचं झालं. मालकांचं नाव मी घेत नाही. ते त्यांनी स्वतः इतक्या वेळा छापलं आहे की माझ्या लेखाची त्याला गरज नाही. मी तेव्हा सकाळी शाळेत शिकवायचो आणि दुपारी छापखान्यात मुद्रितं तपासायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत.

मल्हारी धर्मापुरीकडच्या मेंढपाळ घरातला. मेंढरं घेऊन बीडच्या अंगाला आला होता, तिथं रोगानं कळप संपला, आणि हा छापखान्यात दगड घासायच्या कामाला लागला. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं. पण दगड घासता घासता तो त्यावरची अक्षरं ओळखायला लागला, आणि ती सगळी उलटी! पुढे कातिबाची चूक दगडावरच दुरुस्त करायचं काम, ज्याला आमच्याकडे संगसाजी म्हणतात, ते त्यानं असं उचललं की हैदराबादेहून आलेला जाणता संगसाज तोंडात बोट घालून बघत राहिला. गंमत अशी की सुलटं वाचताना तो अडखळायचा. छापलेला अंक हातात आला की तो उन्हाकडे धरून मागच्या बाजूनं वाचायचा. मी एकदा चिडवलं, "मल्हारी, सगळं जग सरळ वाचतं, तू एकटाच असा कसा?" तर म्हणतो, "मास्तर, कागदाचं काय सांगता, त्यो उद्या पुडीला जातो. खरं लिवल्यालं दगडावर असतंय. कावून त्याला नावं ठिवता?"

त्याचं खरं कसब दिसायचं ते कचेरीतून मुद्रित परत आल्यावर. छापण्याआधी रोज एक प्रत सरकारी कचेरीत दाखवावी लागे. तिथला कारकून तांबड्या पेन्सिलीनं नको त्या ओळी काटायचा. बरं, काटलेली जागा कोरी सोडायचीही बंदी होती, कारण कोरी जागा दिसली की लोकांना कळतं. मग मल्हारी त्या ओळी दगडावरून खरवडून तिथं ज्वारी-तुरीचे भाव नाहीतर पंचांगातलं काहीतरी उलट्या अक्षरांत लिहायचा. त्याचं अक्षर कातिबापेक्षा जरा उजवीकडे कललेलं असे. हळूहळू बीडच्या लोकांच्या ते ध्यानात आलं. बाजारात अंक हातात पडला की आधी कललेलं अक्षर शोधायचं! "आज तुरीचा भाव मल्हारीनं सांगितलाय," असं म्हणून लोक एकमेकांकडे बघायचे. तिथं काहीतरी खरं गाडलंय हे सगळ्या गावाला कळायचं, काय ते फक्त कळायचं नाही. कचेरीला मात्र याचा पत्ता नव्हता, कारण अक्षराकडे बघायला आधी वाचणाऱ्याला गोडी असावी लागते.

एका वर्षी मल्हारी गावी जाऊन आला तो उतरलेला चेहरा घेऊनच. एक अंमलदार दौऱ्यावर आला होता. रसद म्हणून मेंढरांच्या वाड्यातली बकरी नेली, आणि तंबूचं ओझं घाटनांदूरपर्यंत वाहायला बिरू नावाच्या म्हाताऱ्या मेंढक्याला वेठीला धरलं. बिरू आजारी होता. वाटेत पडला, पुन्हा उठवला, पुन्हा पडला... घाटनांदूरच्या अलीकडे जीव गेला. "मास्तर, मी तवा गावीच गेलतो," मल्हारी म्हणाला. "लई साधा मानूस. त्याचं नाव तरी कुटं लिवलं जाईल का न्हाई?" मी बातमी लिहिली, तीन ओळींत, नावासकट, आणि आतल्या पानात दडवून कातिबाकडे दिली. वाटलं, कारकुनाची नजर चुकेल. चुकली नाही. तांबडी रेघ आली.

आता त्या दुपारचं नीट सांगतो, कारण सगळा वाद त्या दुपारचा आहे. मुद्रित उशिरा परत आलं. टपालाची मोटार सुटायला थोडा वेळ राहिला होता, तालुक्याचे गठ्ठे तिच्यात जायचे होते. दगडावरचं एखादं अक्षर मारायचं तर खरवडून भागतं, पण तीन अख्ख्या ओळी मारायच्या तर तेवढी जागा वाळूनं खोल घासावी लागते, नाहीतर दगडात मुरलेलं तेल पुन्हा शाई धरतं. मल्हारी वाळू घेऊन बसला. मालक आले, घड्याळ काढलं आणि म्हणाले, "घासत बसू नकोस. वरवर पूस आणि लिही. मोटार चुकली तर तुझ्या बापाचं काय जातंय?" मल्हारी म्हणाला, "मालक, ह्ये वर यील. दगड ईसरत न्हाई." मालक म्हणाले, "येऊ दे. लिही." मी तिथून चार हातांवर बसलो होतो. मी हे शब्द ऐकले. माझ्या या दोन कानांनी ऐकले.

मल्हारीनं पुसलं, ज्वारीचा भाव लिहिला, दगड यंत्रावर चढला. पहिले शे-दोनशे अंक स्वच्छ निघाले. मग शाईचा रूळ फिरत राहिला तशी भावांच्या पाठीमागून फिकी अक्षरं वर यायला लागली, आणि शेवटच्या गठ्ठ्यांत तर 'बिरू' एवढं नाव ज्वारीच्या डोक्यावर स्पष्ट उभं होतं. ते येताना मल्हारीला दिसलं का? यंत्राशेजारी तोच उभा होता. दिसलं असेल आणि तो गप्प राहिला असेल, तर त्याला हयगय म्हणत नाहीत, हिंमत म्हणतात. मी त्याला हे कधी विचारलं नाही. विचारायचं तोंड मला राहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी छापखान्याला कुलूप लागलं आणि आम्हा सगळ्यांना कचेरीत बोलावणं आलं. मालकांनी जबाब दिला, "बातमी टपालानं आली होती, कुणी पाठवली माहीत नाही. हुकूम होताच मी ती काढायला सांगितली. कामगाराची हयगय झाली." मल्हारीनं माझ्याकडे पाहिलं. बातमी मीच लिहिली हे त्याला माहीत होतं, आणि मालकांनी काय सांगितलं ते मी ऐकलं हेही. कचेरीतल्या अंमलदारानं मला विचारलं, "मास्तर, तुम्ही तिथंच होता. काही ऐकलंत?" मी म्हणालो, "मी मुद्रितं बघत होतो. माझं लक्ष नव्हतं." ...नोकरी, घर, म्हातारी आई, सगळी कारणं माझ्याजवळ होती. कारणं नेहमीच असतात. भ्याडाइतकी कारणं दुसऱ्या कुणाजवळ सापडत नाहीत.

मालकांनी मल्हारीला बाजूला घेऊन समजावलं, तू कबूल हो, नाहीतर दैनिक बंद पडेल, कातिबापासून सगळ्यांच्या चुली विझतील. तो कबूल झाला. 'माझ्या हयगयीमुळे' असं लिहिलेल्या कागदावर त्यानं सही केली, आणि हाताच्या सवयीनं ती उलटी केली! अंमलदार भडकला, त्याला वाटलं हा सरकारची थट्टा करतोय. मालक हसून म्हणाले, "हुजूर, अडाणी आहे." हुजूरही हसले. मीसुद्धा ओठ ताणले असतील, आता आठवत नाही, आणि आठवलं तर सोसणार नाही. पुढे मालकांनी पुन्हा असं होणार नाही असा मुचलका लिहून दिला, कुलूप निघालं आणि आठ दिवसांत मल्हारीला काढून टाकलं. छापखान्यात दगड बरेच होते, आणि त्या अंकाचा अजून घासायचा राहिला होता; तो फोडून टाकायचा हुकूम होता. घणानं त्याचे दोन तुकडे केले. निघताना मल्हारीनं त्यातला एक पोत्यात घालून खांद्यावर घेतला. मालक म्हणाले, "काय करणार त्याचं?" तो म्हणाला, "घरी रांजनाला बैठक न्हाई."

आता ऐका पुढचं. गेल्या महिन्यात त्या दैनिकाचा वाढदिवसाचा खास अंक निघाला. त्यात 'आमच्या पत्राचा इतिहास' असा पानभर लेख आहे. बिरूला वेठीला धरणारा तो अंमलदार आता मर्जीतून उतरलाय, आणि वेठीविरुद्ध बोललं तर हल्ली कचेरीही कान टवकारत नाही. मग काय विचारता! लेखात लिहिलंय, 'एका गरीब मेंढपाळाच्या मृत्यूची बातमी हुकूम मोडून निर्भयपणे छापल्याबद्दल आमच्या मालकांनी छापखान्याला कुलूप सोसले.' निर्भयपणे! ज्या गोष्टीसाठी मल्हारी हयगय करणारा ठरला, त्याच गोष्टीसाठी मालक निर्भय! दोन्ही मजकूर एकाच दैनिकात, दीड महिन्याच्या आत. अहो, चोर परवडला, तो निदान चोरीचा माल अंगावर घालून ज्याचा त्याच्याच दारात मिरवत नाही. बातमी छापली गेली ती हयगय असेल तर ती मालकांची होती, आणि हिंमत असेल तर ती मल्हारीची. यातलं काहीच मालकांना नको होतं तेव्हा त्यांनी सगळं मल्हारीच्या डोक्यावर ठेवलं, आणि त्याची फुलं झाली तेव्हा वेचून गळ्यात घातली.

तो अंक वाचून मी धर्मापुरीला गेलो. इतकी वर्षं गेलो नव्हतो. जुन्या देवळाच्या पलीकडे मल्हारीचं दोन खणांचं घर आहे. त्याची बायको गिरजाबाई दारात बसली होती. मला वाटलं, हाकलून देईल. ती म्हणाली, "या मास्तर. लई उशीर केला." आत रांजणाखाली तो दगड होता. गिरजाबाईनं तांब्या भरला आणि मला पाणी द्यायच्या आधी एक ओंजळ त्या दगडावर टाकली. ओला दगड काळा पडला, आणि अक्षरांच्या जागी पाणी धरेना. ज्वारीचे भाव केव्हाच झिजून गेले होते, ते वरवरचेच होते. खालची कोरडी अक्षरं उभी राहिली, उलटी. मी आयुष्यभर मुद्रितं तपासली, पण मला ती चटकन लागेनात. गिरजाबाईला अक्षर येत नाही. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "ह्यो बिरूबा हाय. रोज सकाळी पानी टाकून हे बगायचे, हाय का म्हणून. आता मी टाकते."

मग तिनं सांगितलं, छापखान्याचा माणूस येऊन गेला. मालकांना तो दगड हवा आहे. छापखान्याच्या दर्शनी खोलीत काचेच्या पेटीत ठेवणार आहेत, खाली पत्राचा इतिहास लिहून. मी ताडकन उठलो. "तुम्ही काय म्हणालात, वहिनी?"

"म्हनलं, मग रांजन कशावर ठिवू? तर म्हनतो, दुसरा दगड देतो. मी म्हनलं, मास्तरला इचारून सांगते. त्या दुपारी मास्तर तिथं होते, असं हे सांगायचे. तुमी सांगा मास्तर, देऊ का? मालकाचा हक हाय का त्याच्यावर?"

किती वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा माझ्यासमोर आला होता, आणि या वेळी विचारणारी बाई जमिनीवर बसलेली होती. मी म्हणालो, "नाही. मालकांनी पूस म्हणून सांगितलं होतं. मल्हारीनं वर येईल म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, वहिनी. आणि कचेरीत ऐकलं नाही म्हणालो." तिनं पदरानं दगडाची कड पुसली आणि म्हणाली, "हे मला कावून सांगता? मला ठाऊक हाय. ज्यांनी इचारलं व्हतं त्यास्नी सांगा."

म्हणून हा लेख. कचेरीनं वाचावा, मालकांनी वाचावा आणि जमलं तर आपल्या इतिहासात घालावा. मी ऐकलं होतं, आणि हे मी माझ्या नावानिशी लिहितो आहे. दगड मिळणार नाही. त्याच्यावर रांजण आहे आणि रांजणात पाणी आहे.