देवमाशाचा कान

फोन सुनंदाच्या धाकट्या भावाचा होता. "ताई, आक्का गेली," एवढंच बोलला. मी सांगलीत, कॉलेजच्या ग्रंथालयात होते. बातमी अनपेक्षित नव्हती... सुनंदाच्या खोकल्याने ती वर्षभर आधीच सांगून ठेवली होती.

भूशास्त्र आम्ही दोघी एकत्र शिकलो. मी पुस्तकांत रमले आणि म्हसवडजवळच्या मेंढपाळ घरातली सुनंदा कच्छच्या खडकांत आदिम देवमासे शोधत राहिली. त्यांना तेव्हा पाय होते. जमीन त्यांनी किती सोडली होती, हे कानाच्या हाडावरून कळतं, असं ती सांगायची. वडील गेल्यावर, भाऊही नोकरीला बाहेरगावी असल्याने, आई एकटी पडली, म्हणून दगडात अडकलेला असाच एक कान संस्थेच्या परवानगीने ती गावी घेऊन आली. तिच्या आईने, ज्यांना मी मावशी म्हणते, तो उंबऱ्यावरच अडवला. अस्थी घरात आणत नाहीत, झाडाला टांगतात. हे आता हाड राहिलेलं नाही, कोट्यवधी वर्षांत त्याचा दगड झालाय, असं सुनंदाने परोपरीने सांगून पाहिलं.

"मेलेलं ते मेलेलंच की गं," मावशी म्हणाल्या. "आन् देवमासा म्हनतीस, तर बिरोबा बी माळावरच बसतोय. ह्यो बी ऱ्हाऊ दे भायेर."

सुनंदा हसली आणि दगड मेंढरांच्या रिकाम्या खोपटात गेला. माणदेशातला वारा मोठा. सुटलेली कपची उडू नये म्हणून ती दार लावून फटींत पोती कोंबायची. कानाभोवतीचा दगड कोरून काढणारं, हवेच्या दाबावर चालणारं टोचणीसारखं हत्यार आत दिवसभर घरघरत असे. मी गेले तेव्हा तिच्या पापण्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि मास्क खुंटीला होता, कारण त्याने चष्म्यावर वाफ धरायची. निदान ओसरीवर तरी बस, म्हटलं, तर म्हणाली, "ओसरी म्हणजे घरच की. आईला कशाला दुखवू?"

मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो दाखवला, तेव्हा त्यातले पांढरे ठिपके तिने माझ्याआधी ओळखले. दगडाची धूळ. खोपट बंद करा, असं त्यांनी बजावलं होतं. थोडाच कान राहिलाय, म्हणत ती पुन्हा आत गेली... तो अजून अर्धा दगडातच आहे.

तिसऱ्या दिवशी भावाने अस्थींचं गाडगं रीतीप्रमाणे लिंबाला टांगलं. मावशी बराच वेळ बघत उभ्या होत्या.

"घरात आण," त्या म्हणाल्या.

"आवं काकी, रीत हाय," भावकीतलं कुणीतरी पुटपुटलं.

"लय दिस खोपटात ऱ्हायली ती. आण म्हनते न्हवं. त्यो दगूड बी आण."

गाडगं पुढे विसर्जनाला गेलं. संस्थेची माणसं येईपर्यंत दगड मधल्या खोलीत आहे. परवा गेले तेव्हा मावशी तिथे फरशीवर ओंजळीने पाणी शिंपडत होत्या. आता झाडण्याआधी त्या रोज असं करतात, धूळ उठू नये म्हणून. मग दगडाभोवती केरसुणी फिरवताना त्या तोंडावर पदर घट्ट धरतात, आणि मलाही उंबऱ्याबाहेर थांबायला सांगतात.