निळ्या कावळ्याचा घास

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. श्रीलंकेच्या त्या राखीव जंगलात भात मी ठेवला होता.

बाबा गेले तेव्हा मी आयर्लंडमध्ये, लिमरिकला नोकरीला होतो. कारखान्यात ऑडिट होतं. तिकीट काढलंच नाही. दहाव्याला पुण्यात कावळा पिंडाला शिवेना. व्हिडिओ कॉलवर धाकटा भाऊ ओरडला, "दादा, तुझ्यातच अडकलाय त्यांचा जीव. बोल की काहीतरी!" शेजारी ऑडिटर बसलेला. मी फोन म्यूट केला. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून शिववला.

दोन वर्षांनी सुट्टीत त्या जंगलात गेलो. पानापानांतून पाणी ठिबकत होतं, मोज्यांत जळवा शिरत होत्या आणि बायको दर दहा पावलांवर, "ही तुझी हौस!" म्हणून मला ऐकवत होती. तेवढ्यात फांदीवर एक पक्षी उतरला. अंग निळंभोर, डोकं तांबूस, चोच लाल.

"या बेटाबाहेर कुठेच नाही, सर," आमचा वाटाड्या कुजबुजला. "कावळ्याच्याच कुळातला."

कावळ्याच्या! ती दोघं पुढे गेली तसा मी डब्यातला मूठभर भात पानावर ठेवला. दक्षिण कुठली ते फोनवर बघितलं. "बाबा, चुकलो." पक्षी खाली आला आणि घास घेऊन गेला.

मागून आलेल्या वनरक्षकाला शितं दिसली. तिथे पशुपक्ष्यांना खायला घालायला सक्त मनाई. "कुणी टाकलं?" मी डब्याचं झाकण लावत राहिलो. आवाज ऐकून मागे आलेल्या वाटाड्याने माझ्याकडे एकदाच पाहिलं. "माझ्या हातून सांडलं," म्हणाला. ज्या परवान्यावर त्याचं घर चालायचं तो वनरक्षकाने त्याच्या गळ्यातून तिथेच काढून घेतला.

"काय झालं रे?" बायकोने विचारलं.

"काही नाही. ग्रँड." 'सगळं ठीक' यासाठी लिमरिकने शिकवलेला शब्द. त्याखाली काहीही झाकता येतं.

मला अंधश्रद्धेवर कुणी व्याख्यान देऊ नये. नियम मोडला, कबूल. पण तो घास गेला तेव्हा दोन वर्षांत पहिल्यांदा मला नीट श्वास घेता आला, आणि त्याची माफी मी कुणाकडे मागणार नाही. लाज आहे ती पुन्हा म्यूट झाल्याची.

चूक कुणाची ते लिहून खाली सही करायची, हेच कारखान्यात माझं रोजचं काम. त्या माणसाला परवाना परत मिळाला का, मला माहीत नाही. त्याचा परवाना काढून घेणाऱ्या वनखात्याला माझ्या सहीची एक ओळ मी अजून देणं लागतो: भात माझा होता.