अक्काची उलटी खुर्ची

सकाळी नानाचा दोंडाईचाहून फोन आला. "शोभे, अक्का गयी." काय झालं, कधी झालं, शेवटी तिच्याजवळ कोण होतं, असं काही विचारण्याआधीच माझा सख्खा भाऊ पुढे म्हणाला, "फ्लॅटनी चावी तुनाकडे शे का?" आज दोन महिने होत आले, तरी अक्काची आठवण काढायला बसले की आधी तो प्रश्नच कानात वाजतो. हा लेख रडत लिहावा असं मनात होतं. जमत नाही. रागच येतो, आणि तो मी गिळणार नाही.

अक्का म्हणजे निर्मला, आम्हा तिघांत थोरली. लग्न केलं नाही. परिचारिका म्हणून सरकारी नोकरीत गेली आणि धुळे-जळगाव जिल्ह्यांतल्या कुठल्या कुठल्या गावांत, दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये राहिली. त्या क्वार्टरमधल्या प्रत्येक वस्तूच्या पोटाखाली पांढऱ्या ऑइलपेंटने नंबर घातलेला असायचा. खुर्ची, टेबल, लोखंडी खाट, अगदी पाण्याच्या माठाचं स्टँडसुद्धा. बदली झाली की यादी वाचून सगळं परत करायचं आणि पुढच्या गावात दुसऱ्या नंबरच्या खाटेवर झोपायचं. निवृत्तीच्या दिवशी मी तिला म्हटलं, "अक्का, आता धुळ्याला ये माझ्याकडे." ती म्हणाली, "नही वं. माले आते बिननंबरनी खुर्ची पाहिजे."

तिने जळगावच्या पिंप्राळ्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दोन खोल्या, स्वयंपाकघर, पांढऱ्या भिंती, पांढरी फरशी, डोक्यावर ट्यूबलाइट. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आमचा आवाजही घुमत होता. अक्का कमरेवर हात ठेवून म्हणाली, "वॉर्डातून निघाले नि वॉर्डातच आले की मी!" आणि मग ही बाई जी सुटली म्हणता... पहूरला एका व्यापाऱ्याचं घर रिकामं होतंय असं कळलं, की ही एसटीने हजर. तिथून सागवानी पलंग आणला, उशाला मोराच्या चिनी टाइल्स बसवलेला. कुठून तरी संगमरवरी पाटीचं गोल टेबल आलं, कुठून तरी झुलता आरसा, कुठून उंच पाठीची वेताची खुर्ची. आणि या सगळ्यांच्या शेजारी मोबाइलवरून मागवलेला मोहरीच्या रंगाचा सोफा, वाकड्या मानेचा काळा दिवा, स्वयंपाकघरात चकचकीत लाल फ्रीज. एक भिंत तिने गडद हिरवी केली, तेव्हा समोरच्या बाई म्हणाल्या, "सिस्टर, पोलीस चौकी उघडताय का?" अक्का म्हणाली, "हो, पहिली तक्रार तुमचीच लिहून घेते." मला मात्र तिने नीट समजावलं होतं. नुसतं जुनं मांडलं तर घराचं संग्रहालय होतं, नुसतं नवं मांडलं तर दुकान होतं. दोघांना एकमेकांशी बोलायला लावायचं, म्हणजे घर होतं. त्या हिरव्या भिंतीपुढे, त्या वाकड्या दिव्याखाली तो म्हातारा पलंग असा काही खुलायचा, की मी धुळ्याला परत आले की माझं घर मला बेचव लागायचं.

जुनी वस्तू घ्यायची तिची एक पद्धत होती. सलीमभाई म्हणून जळगावातले पॉलिशवाले होते, त्यांच्याकडून शिकलेली. दुकानात गेली की ती वरचं लाकूड बघायचीच नाही. पदर खोचायची, जमिनीवर बसायची आणि टेबल असो, स्टूल असो, सरळ उलटं करायची. सांधे बघायचे, खिळे आहेत की खुंट्या आहेत ते बघायचं, वाळवीने खाल्लंय का ते बोट फिरवून बघायचं. मला लाज वाटायची. ती म्हणायची, "शोभे, लाकूड वरथून देखानं नही. उलटं करीसन देख. खरं काय ते खालेच ऱ्हास."

नाना त्या घरात एकदाच आला. सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसला, चौफेर नजर फिरवली आणि म्हणाला, "अक्का, हाई बठ्ठं मरेल माणसासनं सामान शे. कोणी याच पलंगावर जीव सोडला असेल. घरात ठेवतात का असं?" अक्का चहा गाळता गाळता म्हणाली, "मंग तू काय कोरा शे का? तुझ्या तोंडावरचं नाक मेलेल्या आबांचं आहे, ते मी ठेवूनच घेतलंय ना?" मी खो खो हसले, नानाने तोंड वाकडं केलं. जेवणं झाली, नानाची पाठ दुखायला लागली. दुकानाच्या गादीवर बसून बसून त्याची पाठ कायमची गेलेली. सोफ्यावर त्याला जमेना, म्हणून तो त्या वेताच्या खुर्चीत टेकला आणि बघता बघता घोरायला लागला. अक्काने पंखा बारीक केला. मला खूण करून गप्प बसवलं आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. लहानपणी त्याला काखोटीला मारून तीच फिरायची, हे तेव्हा मला आठवलं.

ती गेली ती सकाळी देवपूजा करताना, हृदय बंद पडून. त्यानंतर त्या घराचं जे झालं ते असं. फुलंसुद्धा सुकली नव्हती आणि जिन्यात दलाल उभा! रिकामा फ्लॅट लवकर जातो, म्हणे. नातेवाइकांची तोंडं कोण धरणार? एक मावशी म्हणाली, "मेलेल्यांच्या वस्तूंनीच खाल्लं तिला." माना डोलल्या सगळ्यांच्या. उभा जन्म दवाखान्यात काढलेल्या बाईला पलंगाने खाल्लं! सुतक फिटायच्या, गंधमुक्तीच्या दिवशी शय्यादान करायचं ठरलं. गुरुजी बिचारे म्हणाले, गादी, उशी, चादर पुरे. पण नाना म्हणाला, पलंगच देऊन टाका, घरातली ब्याद जाईल. मोरांसकट पलंग गेला. टेबल, आरसा, दिवा, सोफा, सगळं भंगारवाल्याच्या टेम्पोत चढलं. संगमरवरी पाटी जिन्यात आपटून फुटली, तेव्हा कुणी "अरेरे" सुद्धा म्हटलं नाही.

आणि मी? मी काय करत होते? हेच तर लिहायला बसलेय. टेम्पो भरायच्या आधी नानाने मला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "शोभे, तुले काय पाहिजे ते सांग." आणि मी म्हणाले, "माले काहीच नको." आमच्याकडे चांगल्या बहिणी असंच म्हणतात. हक्कसोडपत्रावर सही करताना म्हणतात, आईचे दागिने वाटताना म्हणतात, भावाचं तोंड उतरू नये म्हणून म्हणतात. पोटात तुटत असतं आणि ओठावर "काही नको". सगळ्या बायकांनी माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. आग लागो त्या कौतुकाला!

तीन आठवड्यांनी सलीमभाईंचा फोन आला. "ताई, अक्कांची वेताची खुर्ची विणून तयार आहे. बसायची जागा ढिली झाली होती, त्यांनीच आणून दिली होती. आता कोण नेणार?" खुर्ची त्यांच्याकडे विणायला गेल्याचा आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता, म्हणून ती वाचली. मी जळगावला गेले. सलीमभाईंनी कारागिराच्या सवयीने वीण दाखवायला खुर्ची उलटी केली... आणि खालच्या आडव्या पट्टीवर पांढऱ्या ऑइलपेंटने, अक्काच्या त्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: "नाना. पाठीसाठी."

मी जमिनीवर बसून त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. सलीमभाई गोंधळून म्हणाले, "ताई, हर एक चीज के नीचे नाव घातलं होतं त्यांनी. रंग आणि ब्रश माझ्याकडूनच नेला. मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल." मी विचारलं, "माझं नाव कशाखाली होतं, सलीमभाई?" ते म्हणाले, "मी वाचलं नाही ताई. घरातली गोष्ट होती."

नंबरला कंटाळलेल्या बाईने शेवटी वस्तूंना आमची नावं घातली. शिकवूनही ठेवलं होतं, उलटं करून बघ म्हणून. आणि आम्ही शहाण्यांनी एकही वस्तू उलटी केली नाही. मेलेल्यांचं सामान म्हणून जे फेकलं, ते सगळं जिवंतांच्या नावाचं होतं. माझं नाव त्या आरशाच्या पाठीवर होतं, की फुटलेल्या पाटीखाली, की मोरांच्या पलंगाखाली... कुणास ठाऊक.

खुर्ची आता माझ्या धुळ्याच्या घरात आहे. हॉलच्या मधोमध, पाय वर करून उलटी ठेवलीय. येणारे-जाणारे अडखळतात, हे कुरकुरतात, मी हलवू देत नाही. भाऊबीजेला नाना येईल. यंदा मी पाट मांडणार नाही. आधी वाच म्हणेन. मग स्वतःच्या हाताने सरळ कर आणि बस म्हणेन, अक्काने तुझ्या पाठीसाठी ठेवलीय. ओवाळीन मी त्याला, भाऊ आहे तो माझा. मग दरवर्षीसारखं तो विचारेल, "काय टाकू वं ओवाळणी?" या वेळी मी "काही नको" म्हणणार नाही. पलंग कुणाकडे गेला, टेम्पो कुठल्या भंगाराच्या दुकानाचा होता, ते सांग म्हणेन. आणि मला घेऊन चल. एकेक वस्तू उलटी करून बघायची आहे मला.