चटईवरचा दात

कतारमधल्या अल खोरहून परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये होतो, तेव्हा सेरूचा मेसेज आला. त्याचा काका, माझा मित्र जोने, गेला. फिजीतल्या आपल्या गावी सकाळी समुद्राकडे जायला निघाला आणि दारातच कोसळला... खिडकीतून आमचं स्टेडियम मागे पडलं. त्याचा पाया घालताना आम्ही दोघं तिथे होतो. तो मेसेज येऊन आता दीड महिना झाला.

जोने आमच्या साइटवर सेफ्टी सुपरवायझर होता. मी चाळीसगावजवळच्या एका गावातला, घरातला पहिला इंजिनिअर. दोहात आलो तेव्हा मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायचं म्हटलं की मी मागची खुर्ची शोधायचो. हा धिप्पाड माणूस पहिल्याच दिवशी "कैसे है भैया?" म्हणत समोर आला. त्याच्या गावाशेजारी ऊस पिकवणारी हिंदुस्थानी कुटुंबं होती, त्यांच्याकडून तो हिंदी शिकला होता. मीटिंगला मुद्दाम माझ्याजवळ बसायचा, आणि मी अडखळलो की "याला बोलू द्या" एवढंच म्हणायचा. त्या आधारावर मी इथे टिकलो.

फुटबॉलचा विश्वचषक जवळ येत होता, तेव्हाची गोष्ट. त्याच्या गावच्या किनाऱ्यावर एका कंपनीला हॉटेल बांधायचं होतं. तिथे जमीन एकट्याची नसते, कुळाची असते, आणि कुळाचा कर्ता जोने होता. हॉटेलच्या धक्क्यासाठी गावासमोरचा प्रवाळाचा खडक फोडावा लागणार होता. त्या खडकातल्या मासळीवर गाव जगत होतं. पुतण्या सेरूला मात्र हॉटेल हवं होतं. पोटासाठी आणखी कोणी गाव सोडू नये, हे त्याचं म्हणणं. अल अझीझियातल्या आमच्या घरी जेवताना मीही सेरूचीच बाजू घेतली. आमच्या तालुक्यात एमआयडीसी आली, वडिलांना काम मिळालं, म्हणून मी शिकलो. जोने भाकरी मोडत म्हणाला, "हॉटेल आलं तर सेरू घरी राहील. खडक गेला तर घरी राहून खाईल काय? मला दोन्ही पाहिजेत, भैया. म्हणून दोन्हीकडच्या शिव्या खातोय."

एका सकाळी साइटच्या केबिनमध्ये त्याचा फोन वाजला. तिकडे संध्याकाळ होती, व्हिडिओवर गावाची सभा दिसत होती. तिथली रीत अशी, की मोठी मागणी घेऊन येणारा देवमाशाचा दात पुढे करतो. तो एकदा हातात घेतला की नाही म्हणता येत नाही. हॉटेलवाल्यांना हे कोणीतरी शिकवलं होतं. जोनेचे म्हातारे चुलते, दारी आलेल्याचा मान राखायचा म्हणून, हात पुढे करत होते. जोनेने हेल्मेट काढलं आणि तो केबिनच्या फरशीवर मांडी घालून बसला. आपल्या भाषेत हलकेच काही बोलला. "मी येईपर्यंत दात समोरच्या चटईवरच राहू द्या," असं बोललो, हे त्याने मला नंतर सांगितलं. पडद्यावर म्हाताऱ्याचे हात तसेच हवेत... इकडे फोरमन दार ठोठावत होता. मग ते हात सावकाश मांडीवर आले. दात घेतला नाही, परतही केला नाही; तो चटईवरच राहिला. गावात असं कधी झालं नव्हतं. हॉटेलवाल्यांनाही कळावं म्हणून सभेत बसलेला सेरू इंग्रजीत म्हणाला, "वाळवंटात बसून समुद्र सांभाळू नका, काका."

नव्या स्टेडियममधले चाचणी सामने तोंडावर होते, सुट्ट्या बंद होत्या. जोनेने नोकरीच सोडली. सूक वाकिफच्या बाजारात चुलत्यांसाठी खजूर घेताना मी विचारलं, तिथे जाऊन सांगणार काय? म्हणाला, "हॉटेल टेकडीपलीकडे बांधा म्हणेन. तिकडे खडक नाही. कबूल असेल तर दात मी स्वतः उचलतो." पुढे काही महिने बोलणी चालली. कंपनी हो म्हणेना, नाही म्हणेना. आणि मध्येच हा मेसेज.

आता सेरू दात उचलून हॉटेलला हो म्हणणार, असं मी धरून चाललो होतो. अंत्यविधीनंतर त्याला फोन केला. त्याने सांगितलं, कर्ता माणूस गेला की त्याच्यासाठी गावासमोरचा समुद्र काही महिने बंद ठेवतात. जाळं नाही, होडी नाही; तेवढे दिवस ते पाणी त्या माणसाचं. बंदीची खूण म्हणून खडकाच्या टोकाला लाकडी खांब रोवतात. या वेळी तो सेरूनेच रोवला. माझ्या फोनच्या आदल्याच दिवशी कंपनीची मोजणीची होडी आली, तेव्हा तो छातीइतक्या पाण्यात खांबाजवळ जाऊन उभा राहिला.

"काय सांगितलंस त्यांना?"

"म्हटलं, माझे काका आत आहेत."

होडी परत गेली. समुद्र उघडल्यावर काय करणार, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात त्याने फोन वळवून मला पाणी दाखवलं. खांबाच्या आत एकही होडी नव्हती.