गरम पेजेतली भुकटी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगते आहे? खरं सांगू — लपवून लपवून थकले, एवढंच.

दिघीच्या आतल्या अंगाला आमचं गाव. हिवाळ्यात घाटावरून धनगर मेंढ्या घेऊन इथे उतरतात. परत निघताना जी कोकरं घाट चढू शकणार नाहीत, ती ते पार्वतीकाकूंकडे ठेवून जायचे आणि पुढच्या साली येऊन न्यायचे. काकू त्यांना बाटलीने शेळीचं दूध पाजायच्या, वर रोज थोडं ताक. त्यांच्याकडचं कोकरू क्वचितच दगावायचं. त्याचा त्यांना फार अभिमान होता.

मी तेव्हा नवी पशुसखी — गावातल्या जनावरांची निगा कशी ठेवायची ते घरोघर सांगणारी. श्रीवर्धनच्या प्रशिक्षणातून प्रोबायोटिकची पाकिटं घेऊन आले होते. पोटाला चांगल्या अशा जिवंत जंतूंची भुकटी, कोकरांना हगवण लागू नये म्हणून. काकूंना म्हटलं, ताक बंद करा, हे द्या. कशातून द्यायचं, त्यांनी विचारलं. मला आठवेना. ते शिकवत होते तेव्हा मी — मी कुठे होते? बाहेर फोनवर बोलत होते. पण माहीत नाही म्हणायला जीभ रेटेना. तोंडाला आलं ते ठोकून दिलं — गरम पेजेतून. काकूंनी चुलीवरच्या वाफाळत्या पेजेत भुकटी ढवळली, निववून पाजली. आठ दिवस, नेमाने.

त्या साली काकूंकडे असलेल्या तिन्ही कोकरांना हगवण लागली. दोन मेली.

पाकीट मी त्यानंतर वाचलं, आगरदांड्याला जाताना फेरीबोटीत बसून. कोमट पाण्यातूनच द्यावे, उष्णतेने जंतू मरतात. म्हणजे काकूंचं ताक तोडून मी त्या पिल्लांना नुसती मेलेली भुकटी पाजायला लावली होती. इथवर चूक म्हणता येईल — पण पुढचं? दुसऱ्या दिवशी बायकांच्या बैठकीत कुणीतरी विचारलं, औषध देऊनही कशी मेली? काकू समोरच बसल्या होत्या. मला सगळं ठाऊक होतं. तरी मी म्हणाले, "औषध चांगलंच आहे. भांडी, हात स्वच्छ नसतील तर ते तरी काय करणार?"

काकू आपल्या तळहातांकडे बघत राहिल्या. "आसंल गो," म्हणाल्या. "माझंच काय चुकलं आसंल."

ही गोष्ट धनगरांपर्यंत गेली. तेव्हापासून ते कोकरं माझ्या दारात सोडतात. मी ठेवून घेते. ताक पाजते. जगतात. गावात माझं नाव झालंय, आणि ते ऐकायचाही आता शीण येतो.

काकू चार घरं सोडून राहतात. कोकरांवाचून करमत नाही म्हणून संध्याकाळी येतात, पदराला हात पुसत अंगणाच्या कडेला थांबतात. "धुतलेत हात. लावू का गो?"

"लावा," मी म्हणते.