इर्जिकीचं जेवण आणि दोन रुसलेले नायक

लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तेव्हा मला पक्का संशय होता की आमच्या मालकांचं भोरात कुणीतरी आहे. बाजाराला जायचे ते हसत आणि विंझरला परत यायचे ते तोंड शिवल्यासारखे. मी कोटाचे खिसे चाचपले, मुंडाशाच्या घड्या उलगडल्या. शेवटी कणगीमागे फडक्यात गुंडाळलेल्या दोन कादंबऱ्या सापडल्या, वाचनालयातून आणलेल्या. बाई निघाली असती तर परवडलं असतं. बाईशी भांडता तरी येतं.

माझे वडील किकवीला मास्तर, त्यामुळे मी चौथीपर्यंत शिकलेली. हे शेतात गेले आणि आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, जरा आडव्या झाल्या की मी चुलीशी बसून वाचायची.

दोन्ही पुस्तकांतले नायक तरणेताठे आणि जगावर रुसलेले. पहिला तोंडाळ. बापाला, मित्रांना तोंडावर ढोंगी म्हणतो आणि एका सकाळी वहाणा घालून घर सोडतो, ते कायमचं. दुसरा कुठंच जात नाही. घरात राहतो, आईच्या हातचं खातो आणि मनातल्या मनात सगळ्यांना हसतो. एका लग्नाला जातो, पंगतीत बसतो, नवऱ्या मुलीची आई पान वाढते आणि हा घास न घेता उठून येतो. लेखकाला त्याचं कोण कौतुक! यांनीही त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

मला पहिला आवडला, हे सांगूनच टाकते. त्याला माणसांकडून काहीतरी हवं होतं, ते मिळालं नाही म्हणून तो चिडला. दुसऱ्याला कुणाकडून काही नकोच होतं, फक्त आपल्याकडं कुणी काही मागू नये एवढंच. असल्या माणसाचा मला संताप येतो. पण नवरा पहिल्यासारखा निघाला तर मी काय करणार होते? म्हणून मी पाळत ठेवली. यांनी वहाणांना तेल लावलं की मी दारातून हलायची नाही. भिंतीकडं तोंड करून बसले की वाटायचं, हा दुसरा दिसतोय, आणि जरा जीवात जीव यायचा.

त्या आषाढात हे कुणाच्याच इर्जिकीला गेले नाहीत. आमच्याकडं भातलावणीआधी सगळे आपापली बैलजोडी घेऊन एकेकाच्या खाचरात जायचे, चिखलणी करून द्यायचे आणि त्याच्याच घरी जेवून उठायचे. आता आमच्या खाचरात कोण येणार? रोप तर वाढत चाललं होतं, आणि आमच्या एकट्या जोडीनं ते काम उरकणारं नव्हतं.

आत्याबाईंचा संशय माझ्यावर. "तू वाचतीस म्हनून त्यो वाचाया लागला," म्हणाल्या, आणि स्वतःच घरोघरी जाऊन बोलावून आल्या.

सगळे आले. मला तेच खटकलं. कुणी यांना टोमणा मारला नाही, बैलांना ओरडण्यापलीकडं कुणाचा आवाज नाही. दुपार कलेपर्यंत खाचरं लोण्यासारखी झाली. मी भात, आमटी आणि गुळाच्या लापशीचं मोठं भगुणं मांडून पानं वाढायला घेतली, तर शेजारच्या खाचराचे तात्या जू खांद्यावर टाकून निघालेले.

"आवो, जेवून जावा की," हे म्हणाले.

"म्हातारीनं बोलावलं म्हनून आलो. जेवन ऱ्हाऊ द्या," तात्या म्हणाले. त्यांच्यामागं एकेक जण तसाच गेला.

हे भगुण्याशी येऊन बसले. मग मला विचारलं, "त्या लगनातल्या पोरीच्या आईचं काय झालं असंल गं?"

मी पुस्तक वाचलंय हे यांना कधीपासून माहीत होतं कुणास ठाऊक. मी म्हटलं, "ते लिवलं न्हाई त्यात."

त्यांनी डोक्यावर चुंबळ ठेवली, भगुणं उचललं आणि बाहेर पडले. वेशीशी वाट फुटते. एक तात्यांच्या दाराला जाते, दुसरी मार्गासनीकडं आणि तिथून पुढं कुठंही. डोक्यावर लापशी घेऊन कुणी घर सोडत नाही, हे मला कळत होतं. तरी मी दारात येऊन उभी राहिले. बघते तर माझ्या आधीच आत्याबाई तिथं उभ्या होत्या.

हे तात्यांच्या दाराकडं वळले, तेव्हा आम्ही दोघी एकमेकींकडं न बघता आत आलो.