शिंपल्यांचं पाणी

ते गाव मला कधीच आवडलं नाही. क्राइस्टचर्चहून डोंगर ओलांडून उतरलं की विझलेल्या ज्वालामुखीच्या तोंडात समुद्र शिरलेला दिसतो आणि त्याच्या कडेला थोडी घरं. खडक काळे, भोकाभोकांचे. वारा अंगावर धावून येणारा. माझ्या बायकोला मात्र त्या पाण्याचं वेड होतं. रविवारी ती टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून पाण्यात उतरे आणि मी गाडीच्या काचा वर करून वाचत बसे. आजारपणात तिनं एकच मागितलं, माझ्या अस्थी तिथं सोड.

म्हणून गेल्या जूनमध्ये अस्थींचा तांब्या घेऊन मी तिथं गेलो. बरोबर तिचा थोरला भाऊ होता, मालवणहून आलेला. अस्थी नाशिकला न्यायच्या हे तो ठरवूनच आला होता. मी ऐकलं नाही, तेव्हापासून तो कामापुरतंच बोलत होता.

ओहोटी लागली होती. त्यानं खडकावर तीळ आणि फुलं मांडली.

"दक्षिणेकडे तोंड करा, जावईबापू. निदान तेवढं तरी करा."

"वारा तिकडूनच आहे, दादा. राख तोंडावर येईल."

"येऊ दे. एवढ्या लांब आणलंत तिला."

मी तांब्याचं फडकं सोडत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी "थांबा" म्हणालं. गमबूट घातलेली एक वयस्कर माओरी बाई उभी होती. हातातल्या गोणीतून पाणी ठिबकत होतं.

"त्यात काय आहे?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"माझी बायको."

तिनं तांब्याकडे पाहून मान झुकवली. "वाईट झालं. पण इथं नाही सोडायचं."

"समुद्र काय यांच्या एकट्यांचा आहे?" मेहुणा मला म्हणाला आणि मग तेच तिला इंग्रजीत ऐकवलं.

"आम्ही या पाण्यातलं खातो," ती म्हणाली. "हे आज माझी नातवंडं खाणार आहेत."

"ती इथं पोहायची," मी म्हणालो. "तिची इच्छा होती."

"पोहली असेल. माझ्या नातवंडांच्या ताटात यायचीही इच्छा होती का?"

माझे कान तापले. मेहुणा मराठीत पुटपुटला, "सोडा हो तुम्ही. ही काय करणार आहे?" मी तांब्या उचललासुद्धा. बाई जागची हलली नाही. तिनं फक्त गोण पाठीमागे घेतली, अगदी आपल्याकडे विटाळाच्या माणसापासून पाण्याची घागर बाजूला घेत तशी.

गोणीत शिंपले होते. बायकोही पोहून झाल्यावर याच खडकांवरून ते काढायची आणि घरी मालवणी मसाल्यात परतायची.

"दादा," मी म्हणालो, "तुमच्या आई गेल्या तेव्हा घरात चूल पेटली होती का?"

"सुतकात कशी पेटेल? शेजारचे पिठलंभात आणून द्यायचे. त्याचा इथं काय संबंध?"

मी तिच्या गोणीकडे बोट दाखवलं. त्यानं गोणीकडे पाहिलं, मग तांब्याकडे, आणि फुलं गोळा करायला लागला. मला त्या बाईचं म्हणणं कळलं होतं, आणि कळल्याचाच राग आला होता. ती चुकीची असती तर सोपं झालं असतं.

आम्ही वर आलो तर ती गाडीशी पाण्याची बाटली घेऊन उभी. "हात धुवा आधी." विनंती नव्हती ती. स्मशानातून आल्यावर हात-पाय धुतल्याशिवाय मेहुणा कधी उंबरा ओलांडत नाही. त्यानं मुकाट्यानं ओंजळ पुढे केली. मग मी.

"वर चढावर गावाची दफनभूमी आहे," ती म्हणाली. "तिथं विचारा. एका फेरीत होणार नाही ते." आणि आमच्याकडे न बघता निघून गेली.

घाट चढताना मेहुणा म्हणाला, "म्हणजे आता नाशिकच."

"नाही."

"मग?"

तिला इथं सोडायचं आणि या गावाचं तोंड पुन्हा पाहायचं नाही, असं मी मनाशी ठरवून आलो होतो. आता यावं लागणार होतं, परवानगी मागायला. मिळाली, तर तिला भेटायला दर वर्षी.